मीठ की पीठ? कॉक्लिअर इम्प्लांट लावून गोंगाटात बोलणं कसं पकडायचं

सणाचा स्वयंपाक चालला होता. गॅसवर कुकर, ओट्यावर मिक्सर, वर एक्झॉस्ट फॅन आणि बाहेर हॉलमध्ये टीव्ही. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, पीठ दे." मी मिठाची बरणी पुढे केली. त्यांनी पुन्हा सांगितलं, मी पुन्हा बरणीच दाखवली. त्या चिडल्या नाहीत. उठून स्वतः पिठाचा डबा घेतला आणि पुढचा तासभर मला काहीही मागितलं नाही. चुकीच्या बरणीपेक्षा तो तास मला जास्त लागला.

माझ्या उजव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट आहे, म्हणजे ऑपरेशनने आत बसवलेलं, ऐकण्याच्या नसेला थेट विजेचे संकेत देणारं यंत्र. डाव्या कानात श्रवणयंत्र. शांत खोलीत एका माणसाशी मी तासभर बोलू शकते, फोनवरही बोलते. पण स्वयंपाकघर, मंगल कार्यालय, हॉटेल, लोकलचा डबा इथे सगळं कोलमडायचं. गेल्या चार वर्षांत ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञांकडून), इतर इम्प्लांटवाल्यांकडून आणि स्वतःच्या चुकांमधून जे शिकले, ते क्रमाने लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा आहे. आपण सगळे आधी मशीनच्या बटणांकडे धावतो आणि खुर्ची मात्र होती तिथेच ठेवतो. माझा अनुभव असा की सगळ्यात मोठा फरक खुर्ची हलवल्याने पडतो.

आधी कारण समजून घ्या

निरोगी कानाच्या कोक्लियात, म्हणजे आतल्या त्या शंखात, मेंदूकडे आवाज पोचवणाऱ्या साधारण 3500 केसपेशी असतात. इम्प्लांटच्या तारेवर, कंपनीप्रमाणे, 12 ते 22 इलेक्ट्रोड असतात. त्यातही एका इलेक्ट्रोडचा विद्युतप्रवाह शेजारच्या भागात पसरतो, त्यामुळे खरोखर वेगळे ओळखू येणारे मार्ग बऱ्याच जणांत आठ-दहाच्या आसपासच राहतात. शांततेत बोलणं समजायला एवढे पुरतात. मात्र दोन आवाज एकमेकांत मिसळले की ते सोडवायला सुराची, आवाजाच्या पोताची जी बारीक माहिती लागते, ती यातून पुरेशी येत नाही.

म्हणून आपल्या शेजारी बसलेली नणंद गोंगाटापेक्षा थोडं हळू बोललेलंही टिपते, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांना बोलणं गोंगाटाच्या 5 ते 10 डेसिबल वर असावं लागतं. ही आपल्या लक्ष देण्यातली उणीव नाही. घरच्यांना हे एकदा नीट सांगाच. "हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं" हे वाक्य ज्यांनी सोसलंय, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

आता मीठ आणि पीठ. 'म' आणि 'प' दोन्ही ओठ मिटून येतात, त्यामुळे ओठ वाचून फरक कळत नाही. कानाला फरक कळतो तो 'म' म्हणताना नाकातून येणाऱ्या खालच्या पट्टीतल्या गुणगुणण्यावरून. एक्झॉस्ट फॅनची घरघर नेमकी त्याच पट्टीत असते. माझ्यापर्यंत पोचलं ते फक्त 'ईठ'. बाकीचं मी अंदाजाने भरलं आणि अंदाज चुकला.

पहिली पायरी: शांततेतला पाया तपासा

शांत खोलीत जे नीट येत नाही, ते गोंगाटात येणारच नाही. रोज सकाळी प्रोसेसर, म्हणजे इम्प्लांटचा बाहेर घालायचा मायक्रोफोनवाला भाग, लावल्यावर घरातल्या कुणाला तरी पाठीमागे उभं करून सहा आवाज काढायला सांगा: आ, ऊ, ई, म्, श्, स्. ऑडिओलॉजिस्ट यांना लिंगचे सहा आवाज म्हणतात. बोलण्यातली खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतची सगळी रेंज यात येते. सहाही ऐकू यायला हवेत आणि वेगळे ओळखता यायला हवेत. काल 'स्' येत होता आणि आज येत नाही, तर आधी मशीन बघा, स्वतःला दोष देऊ नका.

मशीन बघा म्हणजे मायक्रोफोनची जाळी बघा. तिच्यावर तेल, घाम, पावडर, धूळ बसली की आवाज हळूहळू बुजत जातो. इतका हळूहळू की आपल्याला वाटतं, आपणच थकलोय. जाळी किंवा मायक्रोफोन कव्हर साधारण तीन महिन्यांनी बदलायचं असतं. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत नेमकं लिहिलेलं असतं, तेच पाळा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात आणखी आधी. रात्री प्रोसेसर ड्राय बॉक्समध्ये ठेवायचा, आणि त्यातली ओल शोषणारी वडी संपली की नवी आणायची. संपलेली वडी डब्यात असली की प्रोसेसर सुकतोय असं आपण उगाच समजतो.

मग मॅपिंग, म्हणजे ऑडिओलॉजिस्टने प्रोसेसरची सेटिंग्ज तुमच्या कानाप्रमाणे जुळवणं. शेवटचं मॅपिंग कधी झालं ते आठवत नसेल तर अपॉइंटमेंट घ्या. आणि तिथे "गोंगाटात ऐकू येत नाही" एवढंच सांगून थांबू नका. मी पहिली दोन वर्षं तेवढंच सांगत होते, आणि ऑडिओलॉजिस्टच्या हातात त्यातून काहीच पडत नव्हतं. असं सांगा: "चार माणसांच्या टेबलावर समोरच्याचं कळतं, डावीकडच्याचं नाही." "भांडं आपटलं की पुढचे दोन-तीन शब्द मंद होतात." या दुसऱ्या तक्रारीमागे नेमकं कारण असतं. मोठा आवाज आला की प्रोसेसर आपोआप सगळाच आवाज खाली ओढतो, आणि त्याबरोबर बोलणंही खाली जातं. कारण नेमकं कळलं तर सेटिंग बदलता येतं. वाक्यं ऐकवून घेतली जाणारी चाचणी शांततेत आणि गोंगाटात, दोन्हीकडे करून घ्या आणि आकडे लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुलनेला तेच कामी येतात.

दुसरी पायरी: खुर्ची

मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचं अंतर निम्मं केलं की त्याचा आवाज तुमच्याकडे 6 डेसिबलने वाढतो. दोन मीटरवरून एका मीटरवर या, 6 मिळाले. आणखी अर्धा मीटर पुढे सरका, एकूण 12. वर ज्या 5 ते 10 डेसिबलबद्दल लिहिलं, ते इथे फुकट मिळतात. कुठलंही बटण एवढं देत नाही. लाद्या, काचा आणि उंच छत असलेल्या कार्यालयात हे गणित पूर्ण लागू होत नाही, कारण घुमणारा आवाज सगळीकडे सारखाच पसरलेला असतो. तिथे पाच मीटरवरून चारवर येऊन काहीच हाती लागत नाही, अगदी हाताच्या अंतरावर यावं लागतं.

अंतरानंतर दिशा. इथे दोन उलटे सल्ले ऐकायला मिळतात, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. प्रोसेसर समोरचा आवाज उचलून मागचा दाबणाऱ्या प्रोग्रॅमवर असेल, तर गोंगाट तुमच्या पाठीमागे हवा. म्हणजे हॉटेलात तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि बोलणाऱ्याने भिंतीला पाठ लावून. प्रोसेसर चहूबाजूंचा आवाज घेणाऱ्या साध्या प्रोग्रॅमवर असेल, तर उलट: तुम्ही भिंतीला पाठ लावा, म्हणजे निदान मागून काही येणार नाही. मी चार-सहा महिने दिशेचा प्रोग्रॅम लावून भिंतीला टेकून बसत होते आणि अख्खं हॉटेल मायक्रोफोनसमोर धरत होते.

बाजूही बघायची. डोकं स्वतःच आवाज अडवतं. एकाच कानात इम्प्लांट असेल तर माणूस त्या बाजूला आणि मिक्सर, रस्ता, स्पीकर दुसऱ्या बाजूला. गाडीत इम्प्लांट उजवीकडे असलेल्या माणसाने मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी बसावं, म्हणजे माणसं उजवीकडे येतात आणि खिडकीचा वारा डावीकडे. दोन्ही कानांत इम्प्लांट असतील तर हा त्रास बराच कमी होतो, कारण एक कान नेहमी गोंगाटापासून लांब असतोच. दुसऱ्या कानात थोडंफार ऐकू येत असेल तर तिथलं श्रवणयंत्र बंद करून कपाटात टाकू नका. त्यातून शब्द कळत नसतील, पण खालच्या पट्टीतला सूर येतो. तो कुठला आवाज कुणाचा हे ओळखायला मदत करतो, आणि 'म'चं ते गुणगुणणंही तिथूनच येतं.

उजेड बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर हवा, त्याच्या पाठीमागे नको. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचे ओठ काळे दिसतात.

तिसरी पायरी: गोंगाट मुळापाशी कमी करा

हे सांगायला सोपं आहे आणि घरात घडवून आणायला सगळ्यात अवघड. आमच्याकडे ठरलंय: महत्त्वाचं बोलायचं असेल तर एक्झॉस्ट बंद, मग बोलणं, मग पुन्हा चालू. टीव्ही म्यूट. जेवणाच्या टेबलावर जाड कापड, म्हणजे ताटं-वाट्यांचा खणखणाट कमी. हॉलमध्ये जाड पडदे आणि सतरंजी, म्हणजे आवाज घुमत नाही. पंखा एक पायरी खाली. हॉटेलात साडेसातला जा, नऊला नको. गर्दी वाढली की प्रत्येक जण नकळत आवाज चढवतो, त्यामुळे शेजारचा चढवतो, आणि अर्ध्या तासात सगळं हॉटेल ओरडत असतं.

चौथी पायरी: आता बटणं

गोंगाटात आवाज वाढवणं ही सगळ्यांची पहिली चूक. व्हॉल्यूम वाढवला की बोलणं वाढतं आणि गोंगाटही तेवढाच वाढतो. गोंगाटात कामाची असते ती सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मायक्रोफोन किती लांबचे हळू आवाज उचलणार ते. ती थोडी कमी केली की लांबचं कुजबुजणं मागे पडतं आणि जवळचा माणूस वर येतो. प्रत्येक मॉडेलमध्ये ही सोय रुग्णाच्या हातात दिलेली नसते. काहींमध्ये प्रोसेसर ते आपोआप करतो, काहींमध्ये ऑडिओलॉजिस्टला उघडून द्यावी लागते. विचारून घ्या.

गोंगाटासाठी स्वतंत्र प्रोग्रॅम मागून घ्या आणि तो कुठे लावायचा नाही हेही शिका. रस्ता ओलांडताना, मूल मागे खेळत असताना, चार-पाच जण गोल बसून बोलताना दिशेचा प्रोग्रॅम नको. मागून येणारी रिक्षा ऐकू यायला हवी.

पाचवी पायरी: रिमोट माइक

ज्यांना एकच वस्तू घेणं परवडतं, त्यांनी हीच घ्यावी असं मी मनापासून सांगेन. छोटा माइक बोलणाऱ्याच्या कॉलरला लावायचा, आणि आवाज हवेतून न येता थेट तुमच्या प्रोसेसरमध्ये येतो. दोन मीटरवर बसलेल्या माणसाचा आवाज आणि त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर लावलेल्या माइकमधला आवाज यांत 20 डेसिबलच्या आसपास फरक पडतो. कॉक्लिअरचा मिनी माइक, मेड-एलचा ऑडिओलिंक, फोनॅकचा रॉजर ही त्यातली माहीत असलेली नावं. आपल्या प्रोसेसरशी कुठला जुळतो ते खरेदीआधी तपासा आणि शक्य असेल तर आठवडाभर वापरून बघा.

वापरायची पद्धत मात्र शिकावी लागते. माइक तोंडाच्या खाली वीतभर, ओढणी किंवा पदर त्यावर घासणार नाही असा. माळ, मंगळसूत्र त्यावर आपटलं की कानात दगड पडल्यासारखं होतं. समूहात असाल तर माइक हातोहात फिरवा: ज्याच्या हातात माइक, त्याने बोलायचं. माझ्या भिशीत सुरुवातीला बायका लाजल्या. मग त्यांनाच आवडलं, कारण एका वेळी एकच जण बोलायला लागली. बोलणारी व्यक्ती माइक लावून दुसऱ्या खोलीत गेली तर तो बंद करायला सांगायचं. आणि पूर्णपणे माइकवरच राहू नका, प्रोसेसरचा स्वतःचा मायक्रोफोन थोडा चालू राहील असं मिश्रण ठरवून घ्या, नाहीतर शेजारी बसलेलं माणूस हाक मारून थकतं.

शाळेतल्या मुलांसाठी तर हा माइक पुस्तकाइतकाच गरजेचा आहे. बाई फळ्याकडे तोंड करून शिकवतात, पंखे फिरतात, बाहेर मैदान असतं. मुलाला पहिल्या-दुसऱ्या बाकावर, इम्प्लांटचा कान वर्गाकडे आणि बाईंकडे येईल असं बसवा, आणि वर्षाच्या सुरुवातीलाच माइक कसा लावायचा ते बाईंना हातात देऊन दाखवा. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून (दिव्यांगांना साहाय्यक उपकरणं देणारी योजना) इम्प्लांट मिळालेल्या मुलांच्या पालकांनी मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत मॅपिंग आणि थेरपीबद्दल चौकशी करावी. त्या योजनेतल्या इम्प्लांटचं काम ही संस्था बघते.

माइक नसेल तर फोन आहेच. अँड्रॉइडवरचं लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठी बोलणं अक्षरांत उमटवतं. गोंगाटात तेही चुकतं, म्हणून फोन बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ धरा.

सहावी पायरी: "काय?" म्हणणं सोडा

"काय?" म्हटलं की समोरचा तेच वाक्य, तसंच, फक्त ओरडून म्हणतो. ओरडलं की शब्दांचा आकार बिघडतो, ओठ वेडेवाकडे होतात आणि प्रोसेसर तो आवाज खाली दाबतो. हाती काहीच येत नाही. त्याऐवजी जेवढं कळलं तेवढं परत म्हणा आणि न कळलेल्या जागी बोट ठेवा. "उद्या कुठे जायचंय म्हणालात?" "पीठ की मीठ?" समोरच्याला एकच शब्द पुन्हा म्हणावा लागतो आणि आपण ऐकत होतो हेही त्याला कळतं.

आकड्यांसाठी वेगळी युक्ती. सात आणि साठ, वीस आणि तीस गोंगाटात एकच होतात. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला मी सरळ विचारते, "सहा-शून्य?" किंवा बोटांवर दाखवा म्हणते. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

घरच्यांना चार गोष्टी शिकवा. आधी नाव घ्या, मी बघेपर्यंत थांबा, मग बोला. विषय आधी सांगा: "लग्नाच्या साड्यांबद्दल बोलतोय." पाठ करून बोलू नका. आणि एका शब्दात नको, पूर्ण वाक्यात बोला. या शेवटच्या गोष्टीत मराठी आपल्याला मोठा हात देते. 'माळ' आणि 'बाळ' ओठांवर सारखेच दिसतात. पण "माळ पडली" आणि "बाळ पडलं" यात क्रियापदच सांगून टाकतं. मीठ-पीठ दोन्ही नपुंसकलिंगी, त्यामुळे तिथे व्याकरणाची मदत नाही. म्हणून आता सासूबाई म्हणतात, "मळायला पीठ दे." 'मळायला' पोचलं की पुढचं आपोआप येतं.

सातवी पायरी: रोजचा रियाज

रोज 15-20 मिनिटं. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. दोन फोन घ्या. एकातून घरच्यांच्या आवाजात रेकॉर्ड केलेले शब्द आणि वाक्यं, समोर. दुसऱ्यातून गोंगाट, मागे.

सुरुवात दोनच पर्यायांनी करा: मीठ-पीठ, सात-साठ, काल-गाल, तार-दार, दार-धार, पान-मान. शब्द समोर लिहिलेले, ऐकायचं आणि बोट ठेवायचं. मग कागद काढून घ्यायचा. मग शेवटच्या स्वरांवर या: आला-आली-आले, दिला-दिली-दिलं. मराठीत अर्थ तिथे बसलेला असतो आणि वाक्याच्या शेवटी लोकांचा आवाज पडतो, म्हणून मला हा भाग सगळ्यात कठीण गेला. त्यानंतर वर्तमानपत्रातला उतारा घरच्या कुणी वाचायचा आणि तुम्ही वाक्य-वाक्य परत म्हणायचं.

गोंगाटाचीही शिडी आहे. आधी पंख्याची एकसारखी घरघर, मग नुसतं वाद्यसंगीत, मग बाजारातला कालवा, आणि सगळ्यात शेवटी एकाच माणसाची बडबड. हा क्रम उलटा वाटेल. निरोगी कान दुसऱ्या माणसाच्या बोलण्यातल्या मधल्या फटींतून डोकावून शब्द पकडतो. इम्प्लांटमधून त्या फटींचा फायदा फारसा मिळत नाही, त्यामुळे मागचं बोलणं पुढच्या बोलण्यात मिसळून जातं. गोंगाट इतका ठेवा की दहातले सात-आठ बरोबर येतील. दहाही आले तर वाढवा, पाचच आले तर कमी करा. रडवेलं होईपर्यंत ताणू नका, त्याने कान तयार होत नाही, फक्त बसायची इच्छा जाते.

थकवा

याबद्दल फार कमी बोललं जातं. गोंगाटात ऐकणं म्हणजे सतत गाळलेल्या जागा भरणं, आणि मेंदू त्याने खरोखर दमतो. लग्नाला गेलात तर दर तासाने दहा मिनिटं बाहेर व्हरांड्यात या, कॉइल, म्हणजे डोक्याला चुंबकाने चिकटणारी प्रोसेसरची चकती, काढून बसा. ज्यांच्याशी बोलायचंच आहे त्यांना मुहूर्ताच्या आधी गाठा, बँड सुरू झाल्यावर नाही. पंगतीत मधली जागा घेऊ नका. टोकाची घ्या, म्हणजे एका बाजूला कुणी नसतं आणि ऐकायचा कान माणसाकडे राहतो. विसर्जनाच्या ढोल-ताशात प्रोसेसर काढला तरी हरकत नाही. मात्र कानात नैसर्गिक श्रवण थोडं उरलेलं असेल, तर प्रोसेसर काढल्यावरही तो कान उघडाच असतो. तिथे इअरप्लग घाला.

आणि घरी आल्यावर, झोपायच्या आधी, वहीत दोन ओळी लिहा: कुठे होतात, कुठला प्रोग्रॅम, कोण कुठल्या बाजूला, काय कळलं, कुठला शब्द निसटला. माझ्या वहीत पहिल्या पानावर 'पीठ' आहे. पुढच्या मॅपिंगला ही वही ऑडिओलॉजिस्टच्या टेबलावर उघडून ठेवा आणि तिथून सुरुवात करा.